हॉर्न ऐकणाऱ्या सिग्नलला बस का दिसू नये?

२०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ टाकला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडला होता आणि रेडला थांबलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आवाज ८५ डेसिबलच्या वर नेला की रेडचा टायमर परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, बांद्रा अशा ठिकाणी तो प्रयोग झाला होता. लोकांनी जाम शेअर केला, खूप कौतुक झालं. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एक गोष्ट घट्ट बसलीय, की म्हणजे आपल्या मुंबईतला सिग्नल बाहेरचं काहीतरी ऐकून आपला टायमर बदलू शकतो. मग त्याला बस येतेय हे का कळू नये?

मी रोज एलबीएस मार्गावरून बसने जाते, भांडुपहून कुर्ल्याकडे. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. मंगतराम पेट्रोल पंप, गांधीनगर, श्रेयस, कमानी, शीतल, एकामागून एक सिग्नल, त्यात मेट्रो ४ च्या कामामुळे रस्त्याची मधली जागा कित्येक वर्षं पत्र्यांच्या आत. सकाळी बस खचाखच भरलेली असते, दरवाज्याच्या पायरीपर्यंत माणसं, आणि बाजूच्या लेनमध्ये एसी गाडीत एकटा माणूस स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला. दोघांनाही रेड सारखाच. त्या गाडीवाल्यावर माझा राग नाही, त्यालाही कुठेतरी पोचायचंच आहे. पण आमच्या बसमध्ये साठ-सत्तर जण आहेत, कोणाचं मस्टर चुकणार आहे, कोणाचं पोर शाळेबाहेर वाट बघतंय, आणि सिग्नलच्या हिशोबात आम्ही सगळे मिळून म्हणजे एक लांब गाडी.

आणि हे मी उगाच म्हणत नाहीये, सिग्नलची वेळ ठरवताना खरंच तसंच मोजतात. रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांचं मोटारीत रूपांतर करायची एक पद्धत आहे, पीसीयू म्हणतात त्याला, त्यात मोटार म्हणजे १, स्कूटर त्याच्या अर्धी-पाऊण आणि बस साधारण दोन-तीन मोटारींइतकी. का, तर ती रस्त्यावर तेवढी जागा खाते. आत माणसं किती आहेत याचा त्या आकड्यात कुठेच पत्ता नाही. म्हणजे रिकामी बस आणि भरलेली बस दोन्ही सारख्याच. आपल्या केंद्र सरकारचं २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांकडे बघा. धोरण येऊन किती काळ लोटला, पण चौकातल्या खांबापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

आता नेमकं करायचं काय ते सांगते, कारण "बसला प्रायोरिटी" म्हटलं की लोकांना वाटतं मंत्र्यांच्या ताफ्यासारखं सगळं अडवून ठेवणार. तसं अजिबात नाही. मुख्य युक्त्या दोनच आहेत. बस चौकाजवळ आली आणि ग्रीन संपत आलाय, तर तो आठ-दहा सेकंद लांबवायचा. किंवा बस रेडला उभी आहे, तर पुढचा ग्रीन आठ-दहा सेकंद आधी द्यायचा. बस्स. जगभर बहुतेक ठिकाणी एवढंच करतात, बाकी सगळे त्याचे बारकावे.

दहा सेकंदाने काय होणार असं मलाही कोणीतरी विचारलं, म्हणून मी वहीत मांडून बघितलं. समजा सिग्नलचं एक चक्र १२० सेकंदांचं आहे, बसच्या रस्त्याला ४० सेकंद ग्रीन आणि ८० सेकंद रेड. बारा बस आल्या आणि त्या चक्रात कधीही आल्या असं धरलं, तर त्यातली एक बस ग्रीन संपल्यावरच्या पहिल्या दहा सेकंदांत येते. ग्रीन लांबला की तिचा जवळजवळ अख्खा रेड वाचला, म्हणजे ७०-८० सेकंद. उरलेल्या रेडमध्ये सात बस येतात, त्यांना पुढचा ग्रीन दहा सेकंद आधी मिळाला तर प्रत्येकीचे दहा-दहा वाचले. चार बस ग्रीनमध्येच आल्या, त्यांना काही फरक नाही. सगळं मिळून १४५ सेकंद, बारा बसमध्ये वाटले तर प्रत्येकी साधारण १२ सेकंद.

एका सिग्नलला १२ सेकंद म्हणजे चिल्लर वाटते. पण रस्त्यात २० सिग्नल असतील तर चार मिनिटं, जाऊन-येऊन आठ. आता एखाद्या मार्गावर फेरीला दोन तास लागतात, डेपोतला थांबा धरून, आणि १५ बस चालतात, म्हणजे दर आठ मिनिटांनी एक बस. फेरी ११२ मिनिटांची झाली तर तीच आठ मिनिटांची बस १४ गाड्यांत चालते. पंधरावी बस मोकळी झाली! ती त्याच मार्गावर गर्दीच्या वेळी घाला किंवा जिथे अर्धा-अर्धा तास बस येत नाही तिथे पाठवा. नवीन गाडी नको, नवीन ड्रायव्हर नको, चार्जिंगला जागा नको. हे कागदावरचं गणित आहे हे मला कळतं, रस्त्यावर निम्मंच पदरात पडेल, पण निम्मं पडलं तरी तीस बसमागे एक बस हातात येते.

आणि मुंबईला आज बसच हव्यात. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांच्या वर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्याही खाली आल्यात, आणि प्रवासी अजून दिवसाला कित्येक लाख. मे २०२५ मध्ये कमीत कमी भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसीचं ६ वरून १२. ज्या घरात तीन माणसं बसने जातात तिथे महिन्याला हा फरक चांगलाच जाणवतो. भाडं वाढलं, गाड्या कमी झाल्या, तर निदान ज्या आहेत त्या तरी रेडला उभ्या राहून वाया जाऊ नयेत एवढी अपेक्षा मला अजिबात जास्त वाटत नाही. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी या शहरातली पहिली बस धावली. शंभर वर्षं या शहराने बसवर भार टाकलाय, आणि चौकात तिला अजून कुठल्याही गाडीपेक्षा जास्त मान नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते दोन बस एकत्र येण्याबद्दल. तुम्हीही अनुभवलं असेल, वीस मिनिटं बसचा पत्ता नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन, कधी तीन, एकमेकींच्या शेपटीला. स्टॉपवरचे लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात, "मुद्दाम करतात हे लोक" म्हणतात. ते मुद्दाम नसतं हो. पुढची बस एका सिग्नलला अडकली, दीड मिनिट उशीर झाला. त्या दीड मिनिटात पुढच्या स्टॉपवर आणखी माणसं जमली, ती चढायला जास्त वेळ लागला, उशीर आणखी वाढला, त्याच्या पुढच्या स्टॉपवर आणखी गर्दी. मागच्या बसला मात्र स्टॉप रिकामे मिळत गेले, ती पटपट पुढे येत गेली आणि शेवटी पुढचीला गाठलं. पुढची कोंबून भरलेली आणि मागची अर्धी रिकामी. "मागून रिकामी येतेय, तिच्यात या" असं कंडक्टर ओरडतो ना, तो खरंच सांगत असतो. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच गणिताने दाखवून दिलंय की बस आपोआप अशा जवळ जवळ येत जातात, एक छोटा उशीर पुरतो. म्हणजे एका रेडने चुकवलेलं दीड मिनिट हे दीड मिनिट राहत नाही, ते पुढच्या दहा स्टॉपवरच्या माणसांच्या वाटेला वाढत वाढत जातं.

म्हणून सगळ्यात शहाणी पद्धत अशी, की सरसकट प्रत्येक बसला ग्रीन द्यायचाच नाही. जी बस उशिरा आहे, जिच्या पुढे मोठी फट पडलीय, फक्त तिला द्यायचा. जी वेळेवर आहे तिने सिग्नलकडे मागायचंच नाही, मागून पळत आलेली तर थोडी थांबली तरी बरंच. असं केलं की आडव्या रस्त्यावरच्या लोकांना त्रासही कमी होतो, कारण दर बसला त्यांचा वेळ कापला जात नाही.

आता यासाठी सिग्नलला बस कुठे आहे ते कळायला हवं. तर ते कळायची सोय अर्धी झालेलीच आहे, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. बेस्टच्या बस चलो ॲपवर लाइव्ह दिसतात, मी घरातून निघताना बघते बस कुठे आली ते. म्हणजे बसमध्ये जीपीएस आहे, तिची जागा सर्व्हरला कळते, माझ्या हातातल्या मोबाइलला कळते. फक्त तिच्या समोरच्या सिग्नलला कळत नाही. लंडनमध्ये पूर्वी यासाठी रस्त्यात आणि बसमध्ये वेगळी यंत्रं बसवावी लागायची, नंतर आयबस नावाची जीपीएसवरची यंत्रणा आली आणि चौकाच्या आधीचा एक ठिपका बसच्या कॉम्प्युटरमध्येच भरून ठेवला, बसने तो ओलांडला की ती रेडिओवरून सिग्नलला सांगते मी येतेय. रस्त्यात काही खोदायचं नाही. मुंबईत रस्ता खोदायचा नाही म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे!

सिग्नलच्या बाजूनेही आपण अगदीच मागे नाही. एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात एरिया ट्रॅफिक कंट्रोल नावाची यंत्रणा आली, अडीचशेच्या आसपास चौक वरळीच्या कंट्रोल रूमला जोडले गेले. म्हणजे बसची माहिती एका ऑफिसात आहे, सिग्नलची दुसऱ्या ऑफिसात, आणि या दोघांची गाठ कोणी घालून देत नाहीये. बस बेस्टच्या, सिग्नल बसवायचे महापालिकेने, चालवायचे ट्रॅफिक पोलिसांनी. बेस्ट तर महापालिकेचाच उपक्रम आहे. तिघांनी एका टेबलाशी बसावं एवढंच, चौथं कोणी बाहेरून यायची गरजच नाही.

माझा मोठा भाऊ गाडीने जातो, त्याच्याशी यावरून दर रविवारी वाद होतो. तो म्हणतो, "आम्ही टॅक्स भरतो, आम्ही आडव्या रस्त्यावर का सडायचं?" मी म्हटलं, "दादा, तुझे दहा सेकंद घेतले तर ते पुढच्या चक्रात परत मिळतात, तशी सोय असते त्यात, आणि एकदा बसला दिलं की लगेच पुढच्या चक्रात पुन्हा देत नाहीत." तो जरा शांत झाला, मग म्हणाला, "आणि रिक्षावाले? डिलिव्हरीची पोरं? त्यांचे दहा सेकंद म्हणजे त्यांची कमाई." हा मुद्दा मला पटला, खरंच पटला. पण त्याचं उत्तर असं, की ज्या रस्त्यावरून बस जाते त्या रस्त्यावरच्या रिक्षा आणि बाइकलाही तोच लांबलेला ग्रीन मिळतो. नुकसान आडव्या रस्त्याचं, आणि म्हणूनच कुठल्या चौकात द्यायचं आणि कुठे नाही हे बघून ठरवायला लागेल. गांधीनगरला, जिथे जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, येऊन मिळतो आणि दोन्हीकडून बस भरभरून येतात, तिथे एका बाजूला देणं म्हणजे दुसऱ्या बाजूच्या बसचंच काढून घेणं. तिथे मी आग्रह धरणार नाही.

पायी जाणाऱ्यांचा वेळ मात्र कापायचा नाही, यावर मी ठाम आहे. रेड लवकर संपवायचा तर सेकंद कुठून तरी येणार, आणि आपल्याकडे पहिला हात पडतो तो रस्ता ओलांडणाऱ्यांच्या हिरव्या माणसावर. आधीच तो इतका थोडा वेळ असतो की माझ्या आईसारखी बाई अर्ध्या रस्त्यात असतानाच गाड्या सुटतात. बसमधून उतरलेला प्रत्येक माणूस पुढच्या मिनिटाला पायी चालणाराच असतो, त्याला सिग्नलवर मारून बस पळवण्यात काय अर्थ. बाहेरच्या चांगल्या यंत्रणांत पायी ओलांडायचा कमीत कमी वेळ आधीच बांधून टाकलेला असतो, बस आली तरी त्याला हात लागत नाही. आपल्याकडे हे लिहून घेतल्याशिवाय सुरूच करू नये.

अजून एक अडचण, आणि ही खरी मुंबईची. बस सिग्नलपर्यंत पोचलीच नाही तर ग्रीन लांबवून काय उपयोग? दोनशे मीटर मागे ती रांगेत अडकलेली असते, डाव्या लेनमध्ये पार्क केलेल्या गाड्या, टेम्पोतून माल उतरतोय, रिक्षांचा स्टँड. तिथे सिग्नलने कितीही दिलं तरी ते पुढच्या गाड्यांना मिळतं. म्हणून चौकाच्या आधीचा शंभर-दीडशे मीटरचा डावा पट्टा तरी मोकळा ठेवायलाच हवा, म्हणजे बस रांगेच्या बाजूने पुढे येऊ शकते. पूर्ण रस्ताभर बस लेन मागितली की भांडणं सुरू होतात, दिल्लीत काय झालं आठवतं ना, आंबेडकर नगर ते मूलचंद बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, २००८ ला सुरू झाली, जेमतेम साडेपाच-सहा किलोमीटर, आणि २०१६ ला उखडून टाकली. तिथल्या चौकांत सिग्नलचं चक्र फार लांब झालं होतं, चिराग दिल्लीला तर गाडीवालेही वैतागले आणि बसवालेही. लेन रंगवली पण सिग्नलकडे नीट बघितलं नाही तर असं होतं. मला वाटतं आपण सिग्नलपासून सुरुवात करावी आणि लेन जिथे नडते तेवढीच मागावी.

आणि स्टॉप! आपल्याकडे कितीतरी स्टॉप चौकाच्या अगदी आधी आहेत. बस थांबते, लोक चढतात-उतरतात, तेवढ्यात ग्रीन निघून जातो, आणि मग सगळे चढून झाल्यावर बस रेडला उभी. एकाच चौकात दोनदा थांबली. त्यात सिग्नलला बस दिसली म्हणून त्याने ग्रीन लांबवला, तर तो ग्रीन स्टॉपवरच संपणार, कारण माणसं चढायला दहा सेकंद लागतील की चाळीस हे कोणालाच सांगता येत नाही. तोच स्टॉप चौक ओलांडून पलीकडे नेला की बस आधी सिग्नल पार करते आणि मग निवांत थांबते. ज्यांनी ज्यांनी ही प्रायोरिटी नीट राबवली त्यांनी स्टॉप हलवण्याचं काम सोबत केलंय. मुंबईत स्टॉप हलवायचा म्हणजे दुकानदार, शेअर रिक्षावाले, सगळ्यांशी बोलावं लागतं, सोपं नाही, पण यात खर्च फार नाही आणि फायदा पहिल्या दिवसापासून.

लॉस एंजेलिससारख्या पक्क्या मोटारींच्या शहरात २००० साली मेट्रो रॅपिड नावाने दोन बस मार्गांवर असं केलं, स्टॉप कमी केले, चौकापलीकडे नेले, सिग्नलला प्रायोरिटी दिली. प्रवासाचा वेळ साधारण पाव भागाने कमी झाला आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा सिग्नलमुळे होता. झुरिचमध्ये १९७३ ला लोकांनी भुयारी रेल्वेचा बेत मतदानात नाकारला, आणि १९७७ ला जमिनीवरच्या ट्राम-बसलाच वाट करून द्यायचं मतदानाने ठरवलं. तिथे ट्राम चौकात आली की सिग्नल तिच्यासाठी तयार असतो. मेट्रो आपल्याला हवीच आहे, मी तिच्या विरोधात नाही, पण मेट्रोच्या स्टेशनपासून घरापर्यंत आणायला शेवटी बसच लागते.

आपल्याकडे गर्दीच्या वेळी बऱ्याच चौकात सिग्नल ऑटोवर नसतोच, हवालदार उभे राहून हाताने चालवतात, मग सॉफ्टवेअर काय कामाचं असं कोणी म्हणेल. मी तर म्हणते तिथे उद्यापासून सुरू करा. अवयव घेऊन जाणाऱ्या अँब्युलन्ससाठी हेच पोलीस ग्रीन कॉरिडॉर करतात, किती सुंदर करतात, अख्खं शहर त्यांना हात जोडतं. त्यांना समोर भरलेली बस दिसतेच. आमच्या रस्त्यावर एक हवालदार आहेत, त्यांची ड्युटी असली की ते रांगेत बस बघून मगच हात आडवा करतात. एकदा मी खिडकीतून थँक्यू म्हटलं तर म्हणाले, "ताई, एवढी माणसं उन्हात कशाला उभी ठेवायची." त्यांना कोणी सांगितलेलं नाही, ते आपल्या मनाने करतात. तेच लेखी सूचना म्हणून सगळ्या चौकांना दिलं तर एक रुपयाही खर्च नाही.

म्हणून माझी मागणी छोटीच आहे. एक रस्ता घ्या. एलबीएस नको असेल, मेट्रोचं काम संपेपर्यंत थांबायचं असेल, तर डॉ. आंबेडकर रोड घ्या, दादर टीटी ते सायन, तिथे एकामागून एक बस असतात. जे सिग्नल कंट्रोल रूमला जोडलेत तेवढेच घ्या, चलो ॲपला जी जागा कळते ती त्यांना द्या, उशीर झालेल्या बसलाच ग्रीन लांबवा, तीन-चार स्टॉप चौकापलीकडे न्या, पायी चालणाऱ्यांचे सेकंद आधीच बांधून ठेवा. सहा महिने चालवा. आधी फेरीला किती वेळ लागत होता आणि नंतर किती, दोन बसमधली फट किती होती आणि किती झाली, आडव्या रस्त्यावर रांग किती वाढली, हे सगळं जाहीर करा. मी माझ्या वॉर्डाच्या ऑफिसला आणि ट्रॅफिक पोलिसांना याचं पत्र लिहायला घेतलंय. तुमच्या रोजच्या रस्त्यावर कुठल्या चौकात बस सगळ्यात जास्त सडते आणि तिथला स्टॉप चौकाच्या आधी आहे की नंतर, एवढं सांगितलंत तर तेही त्यात घालते.